सायहची मूठ

सायहबद्दल तिजानीला खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. अकरा वर्षं दोघांनी रस्त्यांच्या कामावर एकत्र काढली, पण त्याला भावंडं किती, हेही कधी विचारलं नाही. तिजानी माती तपासणारा, सायह मुकादम. एवढंच.

वाळवंटातल्या वार्गला शहराभोवती तुफ मिळते, पांढरी चुनखडीची माती. नुसती दाबली तर भेगाळते. टेकाडावरची वाळू बेताने मिसळली की घट्ट बसते. ते प्रमाण सायहच्या मुठीत होतं. ओला गोळा आवळून तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. तीन तुकडे झाले की मिश्रण जमलं.

"सी तिजानी, तुझ्या यंत्राला वीज लागते, माझ्या मुठीला चहा पुरतो," असं साहेबी 'सी' लावून चिडवायचा.

शेवटचा रस्ता सायहच्याच गावाला जाणार होता. त्याची बायको मबरूका हिला आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला वार्गलाला न्यावं लागे. कच्च्या वाटेच्या धक्क्यांनी परतताना तिचे हाल हाल होत.

काम निम्म्यावर आलं आणि तुफची खाण संपली. नव्या खाणीतल्या तुफमध्ये मुळातच वाळू होती. कागदावर प्रमाण मात्र जुनंच. सायहचा गोळा कुसकुसच्या रव्यासारखा भुरभुरला.

"आता एक फावडंही वाळू नको," तो म्हणाला.

तिजानीने तपासलं. मूठ खरी निघाली.

"आकडा राजधानीतून मंजूर झालाय, चाचा," तरुण इंजिनियर सायहला म्हणाला. "बदलायला चार महिने. उद्घाटन सहा आठवड्यांवर."

"मग लिहा, मुकादम नाही म्हणतो."

"मुकादमाचा रकाना नसतो."

रकाना तिजानीचा होता. त्याने आक्षेप लिहिला, तो फायलीत गेला. मग त्याने सही केली. आपण नसती केली तर दुसऱ्याने केली असती, असं तो मनाला सांगत राहिला. सायहने ठरल्याप्रमाणे वाळू मिसळली.

वर्षाच्या आत टँकरांनी खोल चाकोऱ्या पाडल्या, डांबर फुटलं. रुग्णांची गाडी पुन्हा शेजारच्या कच्च्या वाटेने जाऊ लागली.

आपल्या निवृत्तीच्या आठवड्यात तिजानी तिकडे गेला, तेव्हा सायह फावड्याने खड्डे बुजवत होता; शेजारी फडक्यात पाव गुंडाळलेला.

"मबरूका कशी आहे?"

"आहे. उद्या न्यायचंय."

"मी येऊ बरोबर?"

"गाडीत जागा नसते रे. पाव घे, गरम आहे."

"दे अर्धा."