मूळ गाव: कराची

मंगळवारी सकाळी सात वाजता माझे पती ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. सव्वासातला ते पडले. शेजाऱ्याने फोन केला. ॲम्ब्युलन्स आली. नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला एका खोलीत बसवून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. हे गृहस्थ नागपूरचे, इंजिनियर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मंडळाचा सगळा कारभार ते आपल्या बेसमेंटमधून चालवत. पाडव्याची स्मरणिका छापायला जायची होती.

"वहिनी, दादांवर अर्धं पान ठेवलंय. फोटो आहे माझ्याकडे, पिकनिकचा. फक्त एक कन्फर्म करायचं होतं. मूळ गाव रत्नागिरी ना?"

"कराची," मी म्हटलं.

"हो, जन्म तिकडचा, ते माहीत आहे. पण मूळ गाव?"

"कराची."

"डिरेक्टरीत रत्नागिरी आहे, वहिनी. पहिल्यापासून."

डिरेक्टरीत रत्नागिरी आहे हे मला कोणी सांगायला नको होतं. आम्ही एक्क्याऐंशी साली हर्नडनला राहायला आलो तेव्हापासून दर वर्षी मंडळाचा फॉर्म येई. नाव, पत्ता, फोन, व्यवसाय, मूळ गाव. व्हर्जिनियात राहून कोणाला कोणाच्या मूळ गावाचं काय करायचं होतं कोण जाणे, पण लोक डिरेक्टरी हातात आली की आधी तोच रकाना वाचत आणि आपल्या गावचं कोणी निघालं की लगेच फोन करत. हे दर वर्षी फॉर्मवर 'कराची' लिहीत आणि दर वर्षी 'रत्नागिरी' छापून येई. मग हे सेक्रेटरींना फोन करत, सेक्रेटरी "अरे हो, राहिलंच" म्हणत, आणि हे आमच्या प्रतीत पेनाने रत्नागिरी खोडून कराची लिहीत. रत्नागिरीहून यांचे आजोबा निघाले होते. यांनी स्वतः रत्नागिरी कधी पाहिली नव्हती.

कराचीला मराठी माणसं होती, हे समजावून सांगण्यात या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं. यांचा जन्म झाला तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. बंदरात, रेल्वेत, शाळांत मराठी माणसं नोकरीला होती. हे चार वर्षांचे असताना सिंध मुंबईपासून वेगळा झाला आणि पंधरा वर्षांचे असताना देशच वेगळा झाला. घर तेच, गल्ली तीच. सत्तेचाळीसनंतर बहुतेक मराठी कुटुंबं आगबोटीने मुंबईला गेली. यांचे वडील बंदराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते गेले नाहीत. नातेवाइकांनी तिकिटं काढायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "वडील कोकणातून पोटासाठी इथं आले. पोट अजून इथंच आहे."

एवढीच गोष्ट आहे. पण ती कोणालाच पुरत नसे. आपल्या लोकांना तीत कत्तल तरी हवी असे किंवा पलायन तरी. "मग तुम्ही निर्वासित?" "नाही, आम्ही राहिलो." "राहिलात?" हा दुसरा प्रश्न विचारताना लोकांचे चेहरे असे होत, की जणू राहणं हाच काहीतरी गुन्हा.

लग्नानंतर चौसष्ट साली आम्ही अमेरिकेहून सांगलीला, माझ्या माहेरी गेलो. यांचा पासपोर्ट तेव्हा पाकिस्तानचा, त्यामुळे पोलीस ठाण्यात नोंद करणं भाग होतं. हवालदारांनी पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला.

"नाव तर आपल्यातलं दिसतंय. मग हे हिरवं पुस्तक कुठनं आणलं?"

"तिथंच मिळतं," हे म्हणाले.

"जन्मल्याबरोबर देतात?"

"नाही हो. फी भरावी लागते."

हवालदारांनी चहा मागवला. "तिकडं गणपती बसवू देतात का?"

"बसवतो की. समुद्रात विसर्जन."

"मग काय हरकत नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. पुढे बावीस वर्षांत माझ्या पाहण्यात इतक्या लवकर हा विषय कोणी मिटवला नाही.

हर्नडनमध्ये यांचं ज्यांच्याशी खरं जमायचं ते लाहोरचे एक डॉक्टर होते. जमायचं म्हणजे दर रविवारी भांडण व्हायचं. डॉक्टरांनी कराची फक्त विमानतळाच्या काचेतून पाहिली होती, तरी ते "हमारा कराची" म्हणत आणि हे चिडत. "तुमचं कसं? मला विचारा तिथली गल्ली न् गल्ली." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणत, "भाभी, ये आदमी तो मुझ से ज़्यादा पाकिस्तानी है।"

एकदा हे म्हणाले की पाकिस्तानच्या झेंड्यातली पांढरी पट्टी आमची, अल्पसंख्याकांची आहे, तेव्हा निम्मं बोलण्याचा हक्क मला आहे. डॉक्टर म्हणाले, "पट्टी निम्मी नाही, पाव आहे. आणि दांड्याच्या बाजूला आहे. झेंडा तुमच्याच जिवावर उभा आहे मियाँ, तक्रार कसली करता?" दोघं खूप हसले. मी चहा गाळत होते. मला हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात यांच्या मोठ्या भावाचं पत्र आलं होतं.

हे भाऊ कराचीतच राहिले होते. तिकडे जनरलसाहेबांनी निवडणुका घ्यायच्या ठरवल्या होत्या, पण हिंदूंनी हिंदू उमेदवारालाच मत द्यायचं, मुसलमानांनी मुसलमानालाच. भावोजींनी लिहिलं होतं, 'आमचा उमेदवार कुठल्या वाळवंटातला आहे, त्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्याने माझी गल्ली पाहिलेली नाही. आपल्या गल्लीतला नळ ज्याच्या हातात आहे त्याला मत देता येत नाही, आणि त्यालाही आता आमच्याकडे यायची गरज उरली नाही.' हे पत्र यांनी डॉक्टरांना वाचून दाखवलं, भाषांतर करून. डॉक्टर म्हणाले, "जनरल कायम राहत नसतात." हे म्हणाले, "कायदे राहतात." धर्मासाठी काढलेला देश एकाहत्तर साली भाषेवरून फुटला, तरी त्यातून कोणी काही शिकलं नाही, असं यांचं म्हणणं. आणि मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी पाकिस्तानला नावं ठेवली की हेच तावातावाने बाजू घ्यायला उठत. दोन्हीकडे यांचं भांडण. मी कंटाळून जायची. गाडीत म्हणायची, "एक दिवस तरी गप्प बसलात तर काय बिघडेल?"

आता ते गप्प झाले होते आणि भांडण माझ्याकडे आलं होतं.

दोन दिवसांनी सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला. समितीत चर्चा झाली होती. "वहिनी, सगळ्यांना पटेल असा मार्ग काढलाय. कराची ठेवू या, पण कंसात 'अखंड हिंदुस्थान' लिहू या. कसं वाटतं?"

"ते सत्तेचाळीसनंतर अकरा वर्षं तिथे होते," मी म्हटलं. "तिथे कॉलेजात गेले. तिथल्या पासपोर्टवर इथे आले. तुमचा अखंड हिंदुस्थान तेव्हा कुठे होता?"

"तसं नाही, वहिनी. नुसतं कराची वाचून लोकांचा गैरसमज होतो."

"काय गैरसमज होतो?"

ते म्हणाले, समितीला पुन्हा विचारतो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता. अंत्यविधीच्या दिवशी पन्नास माणसांची खिचडी त्यांच्याच बायकोने केली होती. पण जी माणसं तुमच्यासाठी पन्नास माणसांची खिचडी करतात, त्यांना एक शब्द जसाच्या तसा लिहिणं इतकं अवघड का व्हावं, हे मला आजही कळत नाही. माझी मुलगी तेव्हा कॉलेजातून घरी आली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आई, जस्ट टेल देम टु राइट व्हॉट ही रोट. व्हॉट्स द बिग डील?" मला तिचाही राग आला.

तीन आठवड्यांनी कराचीहून पत्र आलं. पुतण्याने लिहिलेलं, दोन पानं, सगळं उर्दू लिपीत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. भावोजींचे हात थरथरायला लागले होते हे मला ठाऊक होतं. मुलं उर्दू शाळेत शिकली, हेही ठाऊक होतं. मी डॉक्टरांना बोलावलं. ते चष्मा लावून बसले आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले.

"भाभी, ये उर्दू नहीं है।"

"वाचा तुम्ही. जसं लिहिलंय तसं."

ते वाचू लागले. एकेक शब्द फोडून, चुकीच्या ठिकाणी थांबत. "काकी... काकांचा इंतकाल झाला... ऐकून... लय अफसोस झाला. भाभी, ये 'लय' क्या है?"

"बहुत."

"बाबा लय रडले. जेवले नाय."

पत्र मराठीत होतं. डॉक्टरांना वाचता येत होतं पण कळत नव्हतं, मला कळत होतं पण वाचता येत नव्हतं. अर्ध्या तासात आम्ही दोन पानं संपवली. शेवटी पुतण्याने लिहिलं होतं, की मंदिराबाहेरच्या फळ्यावर काकांची बातमी लावली, गल्लीतले सगळे भेटून गेले, खालच्या मजल्यावरच्या मौलवीसाहेबांनीही दुवा मागितली. फळ्यावर काय लिहिलं तेही त्याने उतरवलं होतं. डॉक्टरांनी ते वाचलं. यांचं नाव, आणि पुढे, 'अमेरिकेचे.'

मी ते पुन्हा वाचायला सांगितलं. अमेरिकेचेच होतं.

मला हसू यायला हवं होतं. इथले लोक यांना रत्नागिरीला पाठवत होते आणि ज्या गावासाठी हा माणूस जन्मभर भांडला, त्या गावाने फळ्यावर अमेरिका लिहून हात झटकले होते. डॉक्टरांनी पत्राची नीट घडी घातली. "मेरे लाहोरवाले भी यही लिखेंगे," एवढंच ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरींना फोन केला आणि नको तितक्या चढ्या आवाजात बोलले. रत्नागिरी मुळात कोणी लिहिलं? आम्ही पाच वर्षं कराची लिहून देतोय, मग हे आलं कुठून? मला कागद दाखवा.

रविवारी ते फाइल घेऊन घरी आले. बसायला सांगितलं तरी उभेच राहिले. "टाइप करताना बायको नेहमी पहिला फॉर्म समोर ठेवते, वहिनी. पुढच्या फॉर्मांवरून फक्त फोन आणि पत्ते बदलते. चूक आमचीच आहे." त्यांनी पाच फॉर्म टेबलावर ठेवले. चार यांच्या तिरक्या अक्षरातले होते. कराची, कराची, कराची, कराची. पहिल्यावर रत्नागिरी होतं, आणि ते अक्षर माझं होतं.

मी विसरून गेले होते असं म्हणणं सोपं आहे. कागद पाहिल्याबरोबर मला सगळं आठवलं. आम्ही नवीनच आलो होतो. पहिल्या पॉटलकला यांनी कराची म्हटल्यावर टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं होतं. मुलगी बारा-तेरा वर्षांची होती, मंडळाच्या रविवारच्या वर्गात जाणार होती. तिला पोरं काय म्हणतील या विचाराने मी घरी येऊन फॉर्म भरला. एक शब्द तर होता. माणसांत मिसळायचं होतं.

फॉर्मच्या खाली सही यांची होती.

म्हणजे यांनी तो वाचला होता. न वाचता सही करणारा हा माणूस नव्हता, विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचायचे. वाचला, सही केली, पाकीट बंद केलं, आणि पुढच्या वर्षापासून सेक्रेटरींशी भांडायला लागले. माझ्याशी या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत. पेनाने रत्नागिरी खोडताना मी समोर बसलेली असायची.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, मी कोणाला काही सांगणार नाही."

"सांगा," मी म्हटलं. पण त्यांनी सांगितलं नसावं. पाडव्याला स्मरणिका आली. अर्धं पान होतं, पिकनिकचा फोटो होता, यांच्या विनोदी स्वभावाबद्दल चार बऱ्या ओळी होत्या. मूळ गावाचा उल्लेखच नव्हता. समितीने तो वाद असा मिटवला. मी तक्रार केली नाही. तक्रार करायची ती कोणत्या तोंडाने करणार?

पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा तो मी एकटीने भरला. वर टाइप करून घेतलेला कागदाचा एक कपटा जोडला: 'पहिला फॉर्म मी चुकीचा भरला होता. तो काढून टाकावा.' सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, "पण वहिनी, आता नाव तुमचं एकटीचं. तुमचं मूळ गाव तर सांगली ना?"

"सासरचं लावतात," मी म्हटलं.

डिरेक्टरीत आता माझं नाव आहे आणि पुढे कराची छापलेलं आहे. त्यावरून अजून कोणाचा फोन आलेला नाही. मी कराची पाहिलेली नाही.