दवाखान्यासमोरचा हॉर्न

उमरग्याला हायवेवरच्या दवाखान्यात मी नर्स होते. समोर मोठा बोर्ड होता, ‘हॉर्न वाजवू नका’. हैदराबादच्या खेपा करणारा एक ट्रकवाला मात्र नेमका तिथंच वाजवायचा. मी ओरडत बाहेर आले की हसून कानाला हात लावायचा आणि पुढं जाऊन पुन्हा वाजवायचा.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एक लहान पोर बेशुद्ध होऊन आली. ताप उतरावा म्हणून आई, आजी आणि चुलतीनं, एकमेकींना न सांगता, तिला तापाच्या त्याच गोळ्या दिल्या होत्या; डोस तिप्पट झाला होता. डॉक्टर म्हणाले, “लिव्हरची विष मारायची ताकद संपलीय. ती भरून काढणारं औषध हैदराबादला मिळेल.” त्यांनी तिथल्या मित्राला फोन केला आणि मित्रानं औषध इकडं येणाऱ्या ट्रकवर दिलं.

सकाळी तोच हॉर्नवाला ट्रक मुकाट्यानं येऊन थांबला. टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या छातीशी धरून ट्रकवाला उतरला.

“ताई, आज न्हाय वाजवला बघा,” तो हळूच म्हणाला. “पोर उठली की हात दाखवा. मग वाजवतो.”

औषधाला नासक्या अंड्यांचा वास. नळीतून देताना आम्हीच नाकं मुरडायचो. अखेर पोरीनं डोळे उघडले, तो वास घेतला आणि ती म्हणाली, “शी!” डॉक्टरांनी टाळ्याच वाजवल्या.

पुढच्या खेपेला ट्रक दबकत आला. पोर आईच्या कडेवर, फाटकात. मी बोर्डाखाली उभी राहून हात वर केला आणि ओरडले, “वाजवा की आता!”

गाव संपेपर्यंत तो वाजवत गेला. वॉर्डातल्या एकाही पेशंटनं तक्रार केली नाही. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही; हॉर्न मात्र शंभरात ओळखीन.