जयरामभाऊंचं बिनआवाजाचं वाजवणं

शेजारच्या जयरामभाऊंबद्दल लिहायला बसले आहे, पण त्यांचं चांगलं झालं की वाईट, हेच मला अजून नीट कळलेलं नाही.

भाऊ मूळचे सायखेड्याचे. वडील लग्नाच्या बँडमध्ये, म्हणून मिसरूड फुटायच्या आत यांच्याही गळ्यात ड्रम आला. पुढे डीजे आले, बँड बसले, आणि भाऊ सातपूरच्या एका कंपनीत लागले. रिटायर झाल्यावर हात परत शिवशिवायला लागले. पण आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमध्ये ड्रम वाजवायचा म्हणजे काय! खालचे रावजीकाका पहिल्याच दिवशी वर आले. म्हणाले, "जयराम, वरात कुणाची रे? आम्हाला पत्रिका नाही आली!"

मग भाऊंच्या मुलीनं, तेजलनं, हा इलेक्ट्रिक ड्रम आणला. एवढासा. घडी करून कपाटामागे उभा राहतो. कातडं नाहीच, जाळीचे आणि रबराचे गोल पॅड, पायाशी दोन पेडल आणि आवाजाची एक डबी. भाऊ हेडफोन लावतात, आवाज फक्त त्यांना. मी विरजण मागायला गेले तर भाऊ घामाघूम होऊन वाजवतायत आणि खोलीत नुसतं टप टप, कुणी ओल्या चपलेनं चालल्यासारखं.

"सुमनबाई, हे चांगलं वाजतंय का हो?" मी त्यांच्या बायकोला विचारलं.

"मला काय माहीत! जन्मभर ऐकून कान किटले होते. आता ऐकू येत नाही तर करमत नाही."

दसऱ्याला तर भाऊंनी मलाच पेचात टाकलं. "ताई, कुंकू कुठं लावायचं? हात पडतो त्या पॅडला, की आवाज निघतो त्या डबीला?" पूजेतलं मला कळतं असा त्यांचा समज. शेवटी दोन्हींना लावलं, तशी तेजल ओरडली, "पप्पा, बटणावर नको!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत तेजलच्या ओळखीच्या हर्षलचा फोन आला. त्याचा छोटा स्टुडिओ आहे. देवीच्या एका नव्या गाण्याला त्याला ड्रम हवा होता. "काका, घरीच वाजवा. वायर लॅपटॉपला लावून रेकॉर्ड करा आणि पाठवा. जमलं तर पुढची गाणी तुम्हालाच."

त्या दिवशी भाऊ मला म्हणाले, "कंपनीत मी मशिनवाला, बिल्डिंगमध्ये तेजलचे पप्पा. ताई, एकदा कुणीतरी मला ड्रमवाला म्हणू दे."

पण पाठवलेलं प्रत्येक वेळी हर्षलकडून परत यायचं. "काका, शेवटी पळताय तुम्ही. कानात तालाची टिकटिक लावलीय ना, तिच्याबरोबर राहा."

"मी कुठं पळतोय? गाणंच पळतं!" भाऊ फोन ठेवून चिडायचे.

खरं कारण मला सुमनबाईंनी सांगितलं. वरात मांडवाजवळ आली की क्लॅरिनेटवाला मास्तर हात वर करायचा, आणि ड्रमवाल्यानं लय चढवायची. नाही चढवली तर लोक म्हणायचे, बँड मेला. ते हातात इतकं मुरलंय की गाणं संपत आलं की हातांना मांडव दिसायला लागतो.

मीही हेडफोन लावून ऐकलं. टिकटिक एकीकडे, भाऊ दुसरीकडे. शेवटी दोघं फारकत घेतात. बरोबर कोण? मला तर भाऊंचंच आवडलं. मी म्हणून गेले, "आरतीतसुद्धा शेवटी टाळ्या चढतातच की. देवीला त्यात काय वावगं?"

भाऊंनी माझ्याकडून हेडफोन परत घेतले. मग म्हणाले, "हर्षलला नाही पटायचं ते. तुम्ही समोर बसून जप करा. तुमचे मणी बघून वाजवतो. ते पळणार नाहीत."

बसले. पण त्यांचे हात बघता बघता माझेच मणी भराभर सरकायला लागले. सुमनबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "एकाला सुधारायला गेलो, दोघं बिघडले!"

शेवटी जसं झालं तसं पाठवलं. दुसऱ्या दिवशी हर्षलचा फोन. "काका, मस्त बसलंय!" त्यानं पाठवलेलं गाणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. शेवटही सुरुवातीसारखाच शांत. भाऊंच्या कपाळाला आठी.

"हर्षल, हे शेवटचं मी वाजवलेलं नाही."

"तुमचंच आहे काका. सुरुवातीचं उचलून शेवटी चिकटवलं. कुणाला कळणारसुद्धा नाही. गुरुवारी या, पुढच्या गाण्याचं बोलू."

तेजल नाचायला लागली, सुमनबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी "अभिनंदन" म्हटलं आणि लगेच वाटलं, चुकलंच. भाऊ साखर हातात धरून तसेच बसले होते.

गुरुवारी ते गेले आणि चहाच्या वेळेला परत आले. हर्षलला सांगून आले की कापाकापी नको. पुढचं गाणं टिकटिकीशिवाय वाजवीन, आरतीसुद्धा शेवटी चढते, चालत असेल तर बोलव. हर्षल म्हणाला, बघतो.

झालं. सुमनबाई माझ्यावर घसरल्या. "तुमच्या आरतीनं घोळ केला. समोर आलेलं ताट ढकललं यांनी!" मी काही सल्ला दिला नव्हता. की दिला होता?

हर्षलचा फोन अजून नाही. भाऊंची टपटप मात्र रोज चालू आहे, आता हेडफोनात टिकटिक नसते. जिन्यात भेटले की विचारतात, "ताई, बरोबर केलं ना?" मी हो म्हणते. आणि घरात येऊन देवासमोर बसले की वाटतं, नाही म्हणायला हवं होतं.