शेवटच्या पानावरची खळ

आमच्या वाचनालयाच्या जिन्याखाली जेमतेम एक टेबल मावेल एवढी खोली होती. तिथे आमचे बाइंडर बसत. उसवलेली पुस्तकं शिवायची, पुठ्ठे बदलायचे, फाटकी पानं सांधायची हे त्यांचं काम. मैदा शिजवून, त्यात तुरटी घालून ते स्वतः खळ करत, म्हणून मुलं त्यांना खळकाका म्हणायची. एरवी मुखदुर्बळ माणूस, पण खळीचा विषय निघाला की खुलायचे. "बाई, एक वेळ कागद फाटेल, पण माझा जोड सुटायचा नाही." मी तिथे पंचवीस वर्षं ग्रंथपाल होते आणि कडक शिस्तीची म्हणून बदनाम होते. ती बदनामी मला आवडायची, खोटं कशाला बोलू?

त्यांना एकच मुलगी, तीही उशिरा झालेली. तिला ते बारकी म्हणत. शाळा सुटली की ती दप्तरासकट जिन्याखाली हजर व्हायची. दुरुस्तीला आलेलं पुस्तक आधी तिचं वाचून व्हायला हवं, मगच बापाने सुई लावायची. "बाबा, हे आज नका शिवू, बारा पानं राहिलीत," असं ती म्हणाली की हे बिचारे निमूटपणे दुसरं पुस्तक ओढायचे.

एकदा शिवून आलेलं पुस्तक मी चाळत होते. शेवटच्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलेलं दिसलं, 'पहिली चाळीस पानं कंटाळा येतो. दम धरा. पुढे धमाल आहे. वय नऊ.' माझं पित्त खवळलं. मी तिला वर बोलावून फैलावर घेतलं. ती जराही बिचकली नाही.

"बाई, नव्या मुलांना कसं कळणार कुठलं पुस्तक घ्यायचं? तुम्हाला विचारायला सगळे घाबरतात."

"आणि वय कशाला लिहिलंस?"

"आपल्याएवढ्या मुलाला आवडलं, म्हणजे आपल्यालाही आवडेल ना."

मी तिला दटावून पाठवलं आणि पान तसंच राहू दिलं. वर्षभरात मुलांच्या विभागात असं लिहिण्याची साथ पसरली. कार्टी पुस्तक उचलायची ती थेट मागून उघडायची. बारकीच्या ओळीखाली कोणीतरी लिहिलं, 'चाळीस नाही, पन्नास पानं कंटाळा येतो. वय दहा.' त्याखाली तिसऱ्याचं अक्षर. मी न बघितल्यासारखं करत होते, पण संध्याकाळी सगळे गेले की हळूच वाचत होते.

मग तपासणी आली. साहेबांनी चार पुस्तकं मागून उघडली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "हे वाचनालय आहे की शाळेतला बाक?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली जाऊन मी बाइंडरना सांगितलं, लिहिलेल्या प्रत्येक पानावर नवा कागद चिकटवा. पूर्ण पानभर, कोपरासुद्धा दिसता कामा नये. साहेब शेरा मारून केव्हाच निघून गेले होते. त्यांनी मला असं काही करायला सांगितलंही नव्हतं. हुकूम माझा होता.

बाइंडरनी पंधरा दिवस तेच काम केलं. बारकी शेजारी स्टुलावर बसून बघत होती. रडली नाही, भांडली नाही, फक्त बापाशी दोन दिवस बोलली नाही. "पोरीचा अबोला आहे," असं मला सांगून ते हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

त्याच हिवाळ्यात तिला ताप आला. साधा ताप म्हणून घरीच औषध चाललं, चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी ती गेली. अकरा वर्षांची होती.

तीन आठवड्यांनी बाइंडर कामावर आले. एका दुपारी मी खाली गेले तर टेबलावर किटली उकळत होती आणि वाफेवर एक उघडं पुस्तक धरून ते कागद सोलत होते. खाली आणखी सहासात पुस्तकं पडली होती. शाई पसरून पानांवर नुसते निळे डाग झाले होते. काही ठिकाणी दोन्ही कागद एकदमच फाटून आले होते.

"सुटत नाही हो बाई," ते म्हणाले. "माझीच खळ."

"घरी तिच्या वह्या असतील ना?"

"आहेत की. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. तिच्या मनचं जे होतं ते इथेच होतं, आणि ते मीच..."

मी किटलीखालची शेगडी बंद केली. माफी मागायची होती, ती सोडून मी खाली पडलेली पुस्तकं उचलायला लागले. इतरांना इतकी वर्षं बोल लावत आले होते, स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन शब्दही जमले नाहीत. त्याची लाज मला आजही वाटते.

जिन्यात कोणीतरी उभं होतं. आमची नेहमीची वाचक, जाड भिंगांची एक मुलगी. सगळे तिला चष्मिष म्हणायचे. टेबलावरच्या भिजलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "यात काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे."

हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट होती ती. बाइंडरनी हातातला कागद खाली ठेवला.

"मी हे पुस्तक तीनदा घेऊन तसंच परत ठेवलं होतं. कुत्रा मेला तर, म्हणून. मग मागचं पान बघितलं. 'कुत्रा मरत नाही. मी आधी शेवट वाचून आलेय. बिनधास्त वाच, मी आहे.' असं होतं."

"परत सांग," बाइंडर म्हणाले.

तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. 'मी आहे' आलं की ते मान हलवायचे. मग त्यांनी तोंडावर हात घेतला आणि माझ्यादेखत, त्या पोरीदेखत मोठ्याने रडले. चष्मिष घाबरली नाही. तिने पुस्तक उचलून फ्रॉकला पुसलं आणि म्हणाली, "दुसऱ्या मुलांनाही आठवत असेल. मी विचारून येते."

ती गेल्यावर बाइंडरनी एक कोरा कागद कापला. कुंचला खळीत बुडवून फक्त एका कडेला, करंगळीएवढ्या पट्टीत फिरवला आणि कागद पुस्तकात बसवला. बाकीचा मोकळा सोडला. "उचलता आला पाहिजे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पेन मागितलं आणि अडखळत, मोठ्या मोठ्या अक्षरांत ती वाक्यं लिहिली. वयापाशी आल्यावर थांबले.

"बाई, वय किती लिहू? आता बारा पूर्ण झाली असती."

"वाचलं तेव्हा दहाची होती," ते स्वतःशीच म्हणाले, आणि दहा लिहून शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरून बसले.