केळीवाल्याची विचारपूस

नंदुरबारला डायलिसिसच्या खोलीत माझ्या शेजारच्या पलंगावर सारंगखेड्याकडचा एक केळीवाला शेतकरी असतो. राम राम नाही की नमस्कार नाही, आल्या आल्या तो प्रत्येकाला मोठ्यानं विचारतो, "पोट साफ व्हयनं का?" आम्हाला पाणी मोजून, भाज्या-फळं बेतानं, वर त्या गोळ्या, सगळ्यांचीच पोटं तुंबलेली. पण बोलतो कोण?

मी तर मुळीच नाही. नवी नवरी असताना परसाकडे जाताना मी तांब्या पदराखाली लपवायची. तांब्यानं पुढे आलेलं पोट पाहून गल्लीनं सासूबाईंकडे पेढे मागितले, इतकी मी हुशार!

एके दिवशी कळा सोसेनात, म्हणून मी पिशवीतून केळं काढलं. त्यानं हात लांबवून ते काढून घेतलं. "माय, आपलाले हाई इख शे. कायीज बंद पडी जाई. डॉक्टरले सांग." आम्हा किडनीवाल्यांना केळं म्हणजे विष, काळीजच बंद पडायचं, हे मलाही ठाऊक होतं.

"त्या पोराला? मरेन, पण सांगणार नाही."

डॉक्टर आले तसा तो सगळ्यांदेखत ओरडला, "साहेब, पोटमा दगड बशेल शे! जोर करी करी डोया बाहेर येई ऱ्हायनात!" सगळी खोली हसली, डॉक्टरही हसले. त्या हशात माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही तसंच होतंय हो." मग समोरच्या मास्तरांनीही हळूच हात वर केला. डॉक्टरांनी आम्हाला चालणारं औषध लिहून दिलं.

निघताना त्याची बायको माझ्या कानाशी लागली. "त्यानं काय आयकस माय? सकायमाच दोनदा परसाकडे जाई उना तो."