ताईनं ओ दिली नाही

मंजुषा ताजणे व्हिएन्नाच्या प्रेमात पडली ती सातवीत असताना, खताच्या दुकानातून आलेल्या एका कॅलेंडरमुळे. बर्फात उभी लाल ट्राम, मागे हिरव्या घुमटाची इमारत. वर्ष संपल्यावर वडिलांनी, मोतीरामांनी, ते पान फुलांचे पुडे बांधायला घेतलं, तेव्हा तिनं रडून परत मिळवलं. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यात गुलाब, झेंडू आणि शेवंती होती. पहाटे फुलांचा तोडा, मग नाशिकचा फुलबाजार. त्यातून वाट काढत ती पुण्याला जाऊन जर्मन शिकली. नाशिकच्या कॉलेजात वीस वर्षं शिकवताना न पाहिलेल्या त्या शहराचा नकाशा ती फळ्यावर न अडखळता काढायची.

२००३ मध्ये व्हिएन्नाच्या एका विभागाला एका सत्रापुरतं मराठी शिकवणारं माणूस हवं होतं, जर्मन येणारं. मंजुषाची निवड झाली.

निघायच्या आदल्या दिवशी भागीबाई हार गुंफता गुंफता म्हणाली, "मंजू, तू तिकडंच चाललीस. माझ्या सोम्याला डोळ्यानं बघून ये. फोनवर मेला कायम 'बरा हाय' म्हणतो."

भागीबाई तीस वर्षं या मळ्यावर कामाला होती. तिचा मुलगा सोमा तीन वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत व्हिएन्नाला गेला होता. हॉटेलात आहे, एवढंच सांगायचा. पत्ता नव्हता, फोन तोच करायचा. त्याला पाटीवर पहिली अक्षरं मंजुषानंच गिरवायला लावली होती.

"मावशी, पंचवटीत चुकलेलं माणूस सापडत नाही," भावजय छाया हसली, "आणि ह्या तिकडं शोधणार!"

"तिला सापडंल. शिकलेली हाय ती."

"बघते मावशी, नक्की," मंजुषा म्हणाली.

व्हिएन्ना तिला हवी तशीच निघाली. पहिल्याच दिवशी ती कुणालाही रस्ता न विचारता विभागात पोचली. सहा विद्यार्थी होते, त्यांत एव्हा सगळ्यांत हुशार. विभागप्रमुखांनी वडिलांबद्दल विचारलं, तेव्हा मंजुषानं "उद्यानशास्त्रात आहेत" असं सांगितलं. यात खोटं काय, असं तिनं स्वतःला समजावलं. पण नंतर ते उद्यानशास्त्र जपावं लागलं. वडील सायकलवर फुलांचं पोतं टाकून बाजारात जात, हे मग कधी बोलता आलं नाही. सोमाला शोधायचंही मागं पडत गेलं.

डिसेंबरात विभागातले सगळे एका संध्याकाळी हॉटेलात जेवायला गेले. टेबलांमधून एक गुलाब विकणारा फिरत होता. मंजुषाला त्याचे हात आधी दिसले. त्यानं हातातल्या बादलीतून फूल उपसलं, उलटं धरलं आणि देठ मनगटावर दोनदा आपटून पाणी झाडलं. पाकळ्या कुजू नयेत म्हणून मोतीराम तसं करत आणि मळ्यावरच्या प्रत्येकाला करायला लावत. तिनं मान खाली घातली.

"मंजूताई? अगं, मी सोमा!"

टेबलावरच्या बाकी सगळ्यांनी वर पाहिलं.

"त्यानं ताई म्हटलं ना?" एव्हाला आनंद झाला होता. हा शब्द त्यांचा वर्गात मागच्याच महिन्यात शिकून झाला होता.

"ताई पुष्कळ भाषांत म्हणतात," मंजुषा जर्मनमध्ये म्हणाली. "बहुधा बंगाली असावा." आणि ताटाकडे बघतच त्यालाही जर्मनमध्येच सांगितलं, "नको, धन्यवाद."

"सॉरी मॅडम," तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

मराठी शिकवायला म्हणून ती तिथे गेली होती. नंतर ती त्या भागात त्याला शोधायला दोनदा गेली. दोन्ही वेळा तो दिसला नाही आणि दोन्ही वेळा तिला सुटल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत ती मळ्यावर परतली. भागीबाई आणि छाया झेंडूच्या ढिगाशी बसल्या होत्या.

"भेटला?"

उत्तर विमानातच तयार झालं होतं. "नाही हो मावशी. फार मोठं शहर आहे."

भागीबाई मोठ्यानं हसली. "आता गं बया! त्यानं तर तुला बघितलं. फोन आलता. म्हणला, ताई मोठ्या लोकांत जेवत होती, म्हून मीच हाक मारली नाय. मी म्हणलं, गाढवा, तुझीच ताई ना? लाजायचं काय त्यात?"

"लाजाळूच तो पहिल्यापासून," छाया म्हणाली.

इथं गप्प बसता आलं असतं. सोमानं तेवढी सोय करून ठेवली होती.

"त्यानं हाक मारली होती, मावशी," मंजुषा म्हणाली. "मीच ओ दिली नाही. ओळखत नाही म्हणून सांगितलं."

छायाचे हात थांबले. भागीबाईची सुई आणखी तीन-चार फुलांतून गेली.

"बरं," ती म्हणाली. मग पुढचं फूल ओवता ओवता, "म्हंजे जवळून बघितलंस. वाळलाय का गं? अंगात गरम काही होतं का?"

मंजुषानं आठवून पाहिलं. आवाज आठवत होता. चेहरा आठवत नव्हता, कपडेही नाहीत.

"मी मान वर केली नव्हती, मावशी."

भागीबाईनं दोऱ्याला गाठ मारली, हार बाजूला ठेवला.

"बरा असंल," ती छायाकडे बघून म्हणाली आणि दुसरा हार घेतला.