सभेच्या वेळी आलेलं पाणी

माझा मामा भित्रा होता. ही काही चहाडी नव्हे, गावाला ठाऊक होतं आणि त्यालाही. गावात पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून तो एका आळीतून दुसऱ्या आळीत जायचा, चेंबरचं झाकण उचलायचा, आत चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा. झाकण उचलण्याआधी मात्र त्यावर ठोकून "येतोय हां" म्हणायचा. आत साप असला तर त्याला कळावं म्हणून. झाकण बंद असताना साप जाणार कुठे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "जाऊ नाही शकला तरी रागावणार तर नाही." तेव्हापासून त्याचं नावच 'येतोय हां' पडलं.

मामी त्याच्या अगदी उलट. कुत्र्याला हाकलायचं, दुकानदाराशी भांडायचं, दिव्याचा बल्ब बदलायचा, सगळं तिच्याकडे. मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिसला जायचं, पहाटेची बस, परत येईपर्यंत दिवेलागण. मी शिवणकाम करते, माझी मशीन घरीच, म्हणून सोबत मी जायचे. येताना ती खिडकीला डोकं टेकून बसायची, पिळून ठेवलेल्या कपड्यासारखी. एकदा बस घाटात बंद पडली आणि तिला धाप लागली. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. घरी आल्यावर तिने मामाला त्यातलं काही सांगितलं नाही. "त्यांना कशाला," म्हणाली, "आधीच सशाचं काळीज."

अशात ते हॉस्पिटल आलं. म्हणजे हॉस्पिटल नाही, हॉस्पिटलची बातमी. एका धर्मादाय ट्रस्टला गावाच्या खालच्या अंगाचा माळ हवा होता, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. भाडं नावापुरतं. बदल्यात खाटा, डॉक्टर आणि डायलिसिसची यंत्रं, गावकऱ्यांना फुकट. गावचे प्रमुख आणि त्यांची वरची आळी याच्या बाजूने होती. आता ट्रस्टचा अध्यक्ष प्रमुखांच्या बहिणीचा नवरा निघाला, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण अशा गोष्टी सांगाव्या लागतात थोड्याच. विरोधात होता ठेकेदार. त्याला गरिबांचा कळवळा वगैरे काही नव्हता, बांधकाम त्याला मिळणार नव्हतं एवढंच. पण त्याच्यामागे आमची खालची आळी उभी राहिली, कारण माळावर चरणाऱ्या शेळ्या आमच्या आळीतल्या. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या आईचा. आमच्या सहा शेळ्या, आणि बाबा गेल्यावर त्यांच्यावरच आमचं घर चाललेलं.

म्हणजे माझी आई एका बाजूला आणि मामी दुसऱ्या. मी मध्ये. आई म्हणायची, "तुझ्या मामीसाठी मी माझं एक मूत्रपिंड देईन, पण माळ देणार नाही. माळ माझा एकटीचा नाही." ती खोटं बोलत नव्हती. तिने खरोखर तपासणी करून घेतली होती, जुळलं नाही.

ट्रस्टच्या नजरेत दुसरंही एक गाव होतं. या महिन्यात गावसभेचा ठराव मिळाला तर इथे, नाहीतर तिथे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ठराव हात वर करून व्हायचा, आणि हात मोजले तर खालच्या आळीतल्या बायका जास्त भरत होत्या.

सभेच्या आठवड्यात प्रमुखांनी मामाला बोलावलं. हे सगळं मला नंतर मामाकडूनच कळलं. प्रमुख पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "सभा सुरू झाली की खालच्या आळीला पाणी सोडायचं."

मामाला आधी कळलंच नाही. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, तासभर. आलं की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून घराकडे पळायचं. बरेच जण नळ उघडाच ठेवून बाहेर पडतात, भांडं लावलेलं असतं, भरलं की घरात पाणी. एकदा आमच्या शेजारणीच्या गाद्या तरंगल्या होत्या.

"पण साहेब, खालच्या आळीची पाळी दुसऱ्या दिवशी आहे," मामा म्हणाला.

"एक दिवस आधी मिळालं म्हणून कुणी तक्रार केलेली ऐकली आहेस?" प्रमुखांनी पान उलटलं. "तुझी बायको आजारी आहे ना? मग. तुझ्याच भल्याचं सांगतोय. आणि तुझी नेमणूक वर्षावर्षाची आहे, याची मला आठवण करून द्यायला लावू नकोस."

मामा हो म्हणून आला. प्रमुखांना नाही म्हणणारा माणूस तो नव्हेच.

पण गावात भिंतींनाच काय, पाइपांनाही कान असतात. दोन दिवसांनी मामा एका खोल चेंबरमध्ये उतरून गळका व्हॉल्व्ह आवळत होता. डोकंही झाकणाच्या खाली. वर अंधार झाला. त्याने पाहिलं तर झाकण अर्धं सरकलेलं, आणि त्यावर कुणाचा तरी बूट.

"येतोय हां," ठेकेदाराचा आवाज आला. मामाची पाचावर धारण बसली. "सभेच्या दिवशी खालच्या आळीला पाणी आलं ना, तर हे झाकण मी वरून लावून टाकीन. तू आत असताना." मग बूट गेला. मामा बराच वेळ तसाच वाकून राहिला. बाहेर कोण उभं असेल याचा अंदाज येईना. अंगावर पाण्याचा फवारा उडत होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानंतर तो बिघडला. जेवताना घास हातात धरून दाराकडे बघत बसायचा. कुणी हाक मारली तरी दचकायचा. सकाळी सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली असायची, कधी वरच्या आळीतल्या पोरांनी सोडलेली, कधी खालच्या. मामी विचारायची, "काय झालंय?" तर म्हणायचा, "काही नाही, दात दुखतोय." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर दोन होते आणि दोघेही खरे. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. माणसाने इतकं घाबरू नये, असं मला वाटायचं. माझ्या डोक्यावर कुणी झाकण सरकवलं नव्हतं, म्हणून वाटायचं.

सभा शाळेत होती. मी आईच्या शेजारी, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. वरची आळी उजवीकडे, खालची डावीकडे. समोर ट्रस्टचे दोन डॉक्टर, घाम पुसत. प्रमुखांचं भाषण सुरू झालं. खिडकीतून मला वळणावरचा मोठा चेंबर दिसत होता, जिथून सगळ्या आळ्यांचे पाइप निघतात, आणि शेजारी चावीला टेकून उभा असलेला मामा. हलत नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा मध्ये चावी घेऊन.

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याने मला सांगितलं. पाणी सोडलं तर ठेकेदार. नाही सोडलं तर प्रमुख. आणि मग त्याला एकदम हलकं वाटलं. सगळ्यांनाच सोडलं तर? खालच्या आळीलाही, वरच्या आळीलाही, देवळामागच्या घरांनाही. मग कुणाच्या बाजूने सोडलं असं कुणी म्हणूच शकणार नाही. त्याला वाटलं आपण सुटलो.

त्याने एकामागून एक सगळे व्हॉल्व्ह उघडले.

आधी एक फोन वाजला. मग दुसरा. मग वर्गभर फोन वाजू लागले. "पाणी आलंय." "आपल्याकडे? आज?" "नळ चालू राहिलाय, पलंगाखाली शिरेल." प्रमुखांचं वाक्य अर्धवट राहिलं, कारण त्यांची सूनच पदर खोचून दाराकडे निघाली होती. माझी आई उठली, मी उठले. उजवीकडचे उठले, डावीकडचे उठले. ज्या दोन आळ्या महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या दारात एकमेकींना ढकलत बाहेर पडल्या. पाणी सगळीकडे एकदम सोडल्यामुळे नळाला धार करंगळीएवढी, आणि भांडं भरेना म्हणून कुणी परत येईना. वर्गात प्रमुख, शिपाई आणि ते दोन डॉक्टर राहिले. कोरमअभावी सभा तहकूब. डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कागद पिशवीत घातले.

प्रमुखांनी संध्याकाळी चावी काढून घेतली. ठेकेदार मात्र रस्त्यात भेटून मामाच्या पाठीवर थाप मारून गेला. "शहाणा निघालास," म्हणाला. त्या थापेने मामा जास्त घाबरला. आता वरची आळी त्याला विकला गेलेला समजणार होती. तो आमच्याकडे आला आणि दाराला कडी लावून आईसमोर रडला. आई त्याला म्हणाली, "तू काही वाईट केलं नाहीस रे. माळ वाचला." तिला मनापासून तसं वाटत होतं. मला पहाटेची बस आठवली.

आठवड्याने बातमी आली की ट्रस्टने दुसरं गाव निवडलं. ते गाव डोंगरापलीकडे. तिथे जायला आधी शहरातच जावं लागतं.

बातमी आली तेव्हा मी मामीच्या घरी होते, दुसऱ्या दिवशीच्या बसची पिशवी भरत. चादर, मोजून भरलेली पाण्याची बाटली, तपासणीचे कागद. मामीला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. मामा कोपऱ्यात बसला होता. तोवर त्याने तिला सगळं सांगितलं होतं, पेपर, बूट, झाकण, आणि सुटल्यासारखं वाटलं तेही. तिने सगळं ऐकून घेतलं होतं. ती रागावेल म्हणून तो तिच्याकडेही तसाच बघत होता, चेंबरकडे बघायचा तसा.

ती रागावली नाही. म्हणाली, "अहो, प्रमुखांची भीती वाटली, ठेकेदाराची वाटली. मी मरेन, याची नाही वाटली?"

खोटं बोलायलाही धैर्य लागतं, ते मामाकडे नव्हतं.

"ती रोजच वाटते ग," तो म्हणाला. "तिची सवय झाली होती."

मामीने मान हलवली. मग माझ्या हातातली पिशवी तिने घेतली, सगळं बाहेर काढलं आणि स्वतः पुन्हा भरायला बसली. मी आणि मामा बघत राहिलो.